पाटावरची नावं

दिवा स्टेशनाजवळच्या खाडीकाठच्या गावात सखुबाईला सगळे धवलारीण म्हणूनच ओळखतात. आगऱ्यांच्या लग्नात ती धवला गाते. गाता गाता तिने नवरानवरीची नावं जोडली की लग्न लागलं, मग भटजी येवो न येवो.

समोरच्या बेटावर तिच्या बापाने जन्मभर मीठ ओढलं. आता तिथे रिसॉर्ट आहे. पर्यावरणस्नेही म्हणे! बांबूच्या खोल्या, सौर दिवे, उष्ट्याखरकट्याचं खत. कांदळवनाची रोपं गावच्या बायांनी मांडीभर चिखलात उतरून लावली, फोटोत साहेब आले. आधी झाडं तोडली किती, ते मात्र कोणी विचारू नये.

सखुबाईची नात कृतिका तिथे स्वयंपाकघरात होती. नोकरी कच्ची. एक दिवस मॅनेजर विनीत घरीच आला.

"आजी, पाहुण्यांसमोर धवला गा. गावाचा सहभाग दिसला पाहिजे."

"लगीन कोनाचा हाय?"

"लग्न नाही हो, कार्यक्रम."

"मंग बँजोवाले बोलव."

तो गेल्यावर कृतिका रडवेली झाली. "एकदाच गं आजी. मला पर्मनंट करणारेत."

"पाटावर नवरानवरी नाय, तर माझा तोंड उघडाचा नाय."

कृतिकाकडून हे कळताच विनीतने म्हातारीचा शब्द धरला. कार्यक्रमाला पाट मांडले, मुंडावळ्या बांधल्या आणि बसवलं कोणाला? कृतिकाला आणि महेंद्र नावाच्या वेटरला. सखुबाई थिजली. पाहुण्यांचे मोबाइल वर झाले होते, नात डोळ्यांनी हात जोडत होती. नावं गाळून गाऊ, असं ठरवून म्हातारीने सूर लावला. पण जन्माची सवय. नावांची जागा आली आणि ती तोंडातून निघूनच गेली. कृतिका. महेंद्र.

टाळ्या पडल्या. धवल्याला कधी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

नोकरी पक्की झाली. लग्नही ठरलं, माजिवड्याच्या हर्षितशी. मांडव पडला तशी शेजारीण कलावती हाक मारत आली, "सखुबाय, चल! पोरी वाट बघतान."

"मी हिचा लगीन लावलाय. आता दुसऱ्यांदा कसा लावू?"

"अगो, ता नाटक होता!"

"नाटक त्यांचा. धवला माझाच होता ना?"

कृतिका हळदीच्या अंगाने तिच्या पायाशी बसली. "आजी, तू सगळ्या गावाची लग्नं लावलीस. मग माझं काय?"

सखुबाईने तिच्या गालावरची हळद नीट केली.

कल्याणकडच्या गावातून दुसरी धवलारीण आणली. सखुबाई मांडवामागे पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यांपाशी बसून राहिली. पत्रावळ्या रिसॉर्टने फुकट पाठवलेल्या, लग्नात प्लास्टिक नको म्हणून. आत सूर चढला, नावांची जागा आली. कृतिका, म्हणताना सखुबाईचे ओठ हलले. पुढचं नाव यायच्या आत तिने तोंडात पदर कोंबला.

पाटावर कृतिका मान वळवून मागे बघत होती.