भरलेले गाल

हातमागावर पोट भरेना म्हणून माझ्या नवऱ्याने माग सोडला आणि टांगा धरला. घोडा मिळाला तो म्हातारा. तो बसला की आमची चूल विझणार, म्हणून कळमेश्वरकडच्या एका शेतकऱ्याकडून मादी शिंगरू आणलं. ती वाढेल, टांगा ओढेल, एवढ्या एका आशेवर आम्ही दिवस काढत होतो.

आमच्या सात पिढ्यांनी सूत ओळखलं, जनावर नाही. कच्चा धागा मागावर तुटतो. त्याला पिठाची खळ पाजली की मजबूत होतो. नवऱ्याच्या डोक्यात तेच बसलं होतं. गांधीबागेतल्या हलवायाकडे गव्हाचं पीठ चाळून उरलेला चोकर, म्हणजे कोंडा, मिळायचा. तो भिजवून, खळीसारखा घोटून, स्वतःच्या हाताने तिला भरवायचा. मला कधी विचारलं नाही जेवलीस का म्हणून! चिडायची मी, पण घास संपला तरी ती त्याचा हात चाटत बसायची, मग माझा राग कुठे टिकतो?

दोन वर्षांची होईतो तिचे गाल असे भरले की येणारे-जाणारे थांबून बघत. मी मीठ-मोहऱ्या उतरून टाकायची. पुढे ती लंगडायला लागली.

"काहून लंगडून राहिली वं ही?" नवरा म्हणाला, आणि चोकर वाढवला. दुखलं की चोकर, खुपलं की चोकर.

एका सकाळी ती उठायला गेली आणि मागचा पाय मोडला. ना ठेच, ना ओझं. नुसती उठताना. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. पायाआधी त्यांनी तिचा गाल दाबला.

"हे मांस नाही, सुजलेलं हाड आहे," ते म्हणाले. "वाढत्या घोड्याचं हाड आधी मऊ असतं, मग त्यात चुना भरत जातो आणि ते टणक होतं. नुसत्या चोकरावर तो चुना मिळत नाही. मग शरीर हाडातलाच काढून घेतं आणि त्या जागी मऊ गर भरतो. आता हा पाय जुळायचा नाही. तिला सुई देऊन यातून सोडवावं लागेल."

"एक दिवस उपाशी नाई ठेवलं जी मी तिले," नवरा म्हणाला.

"माहीत आहे."

"मंग काय द्याले पायजे होतं?"

"काही नाही हो. माळावर चरायला सोडली असती तरी धड वाढली असती."

मला त्या डॉक्टरांचा भयंकर राग आला. खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? नवऱ्याने खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टर सुई भरत होते, आणि ती त्याचा रिकामा हात चाटत होती.