लातूरच्या गल्लीत मीठ-साखरेचं पाणी

नांदेडहून लातूरची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत मंगलची पुस्तिका होती. मंगल माझी पत्नी, परिचारिका होती. तिला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या आमच्या तेजूला जुलाब-उलट्या होत आहेत, असा वसतिगृहातून सकाळी फोन आला. सोबत काय न्यावं ते सुचेना, म्हणून मी ती पुस्तिका उचलली.

मूळ पुस्तिका परदेशातली, डॉक्टर आणि औषधं कमी असलेल्या गरीब देशांसाठी लिहिलेली. लातूरकडच्या त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मंगल बेघरांच्या पत्र्याच्या शेडांमध्ये काम करत होती, तेव्हा तिनं पुस्तिकेचं मराठी केलं होतं.

अहमदपूरला बस थांबली. स्टँडवर सुशीला (फोडणीचे चुरमुरे) घेतली आणि तशीच पिशवीत ठेवली. शेजारी उदगीरचे एक कापड दुकानदार बसले होते. लेक लातूरला शिकते म्हटल्यावर ते खुलले.

"मग डाक्टरच झाली म्हना की!"

"अजून बारावीत आहे. आजारी पडलीय."

"मग तर लई चांगल्या गावात आजारी पडली." ते हसले, माझा चेहरा पाहून थांबले आणि मला खिडकीची जागा दिली.

त्यांचं म्हणणं खरंच होतं. वसतिगृह शोधताना मी दोनदा गल्ली चुकलो. एका इमारतीवर शिकवणीची पाटी, दुसरीवर दवाखान्याची, पुढे पुन्हा शिकवणीची. डॉक्टर नसलेल्या मुलखासाठीची पुस्तिका घेऊन मी इथे का आलो, मलाच कळेना.

तेजू भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ सुकलेले. वसतिगृह चालवणाऱ्या काकू दारातूनच म्हणाल्या, "सर, सलाईन लावून टाका. दोन बाटल्यांत पोरगी उठून बसती. उद्या टेस्ट हाय तिची."

"लावाच, बाबा," तेजू म्हणाली. "टेस्ट बुडली की खालच्या बॅचमध्ये टाकतात."

पुस्तिकेत होतं: रोग्याला पिता येत असेल तर पाजत राहा. तेजू शुद्धीत होती, पीत होती. पण मंगल आजारी पडून दवाखान्यात होती तेव्हा मी सगळ्यांचं सगळं ऐकलं होतं, आणि तरी ती गेली. आता कुणाचं ऐकायचं? सकाळपासून तिला लघवी झाली नव्हती. शेवटी ठरलं, दिवेलागणीपर्यंत झाली नाही तर दवाखाना.

काकूंनी पाणी उकळून गार करून दिलं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पुढची ओळ मी मोठ्यानं वाचली, "चाखून पाहा. आसवांपेक्षा खारट नको."

तेजूनं घोट घेतला. "मला काय माहीत, बाबा? आई गेल्यापासून मी रडलेच नाहीये."

मीही रडलो नव्हतो. पातेलं हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो.

"आना हिकडं," काकू म्हणाल्या. त्यांनी चमचाभर पाणी जिभेवर घेतलं. "बरोबर हाय. पाजा." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भूकंपात माझी माय गेली, धाकटा भाऊ गेला. मला म्हाईत हाय."

पहिला पेला तिनं ओकून टाकला. थोडं थांबून मी चमच्याचमच्यानं सुरुवात केली. दिवे लागले. मी चपला घालत होतो, तेवढ्यात तेजू भिंत धरून बाहेर गेली आणि परत येऊन म्हणाली, "झाली." व्हरांड्यातल्या मुलींनी, सगळ्या उद्याच्या डॉक्टरांनी, टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी टेस्टच्या वेळी ती गाढ झोपेत होती. मी उठवलं नाही. बरोबर केलं का, अजून समजत नाही.

दोन दिवसांनी मला सोडायला ती स्टँडवर आली, आणि गाडी फलाटाला लागल्यावर म्हणाली, "चार दिवस घरी येऊ?" मी दोन तिकिटं काढली.

लातूर मागे पडलं तशी ती खिडकीकडे वळली आणि तिचे खांदे हलू लागले. अशा वेळी काय करावं, याचं पान त्या पुस्तिकेत नाही. मी पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली, आणि नांदेड येईपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीनं पीत राहिलो.