थोरल्याचा उजवा पाय

थोरल्याचा उजवा पाय काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. चौतीस वर्षांचा धिप्पाड मुलगा, आणि आईला घोर लागलेला त्याच्या एका पायाचा!

थोरला ट्रक चालवायचा. अकरा वर्षं त्याने तो स्वतःच्या हातांनी चालवला. नुसत्या आवाजावरून कुठल्या टायरात हवा कमी आहे ते सांगायचा. मग कंपनीने ताफे आणले. एकामागे एक चार ट्रक, मध्ये जेमतेम दहा मीटर. चालवणारा खरा तो फक्त पहिला. त्याने ब्रेक दाबला की रेडिओवरून मागच्या तिन्ही ट्रकना त्याच क्षणी कळतं आणि त्यांचेही ब्रेक आपोआप लागतात. थोरला तिसऱ्या ट्रकमध्ये. काम काय, तर जागं राहायचं आणि कशाला हात लावायचा नाही.

"सहा तास समोर नुसती पुढच्या ट्रकची दारं, आई. अठ्ठावीस स्क्रू आहेत त्यांना. बायकोचा वाढदिवस विसरेन, पण हे नाही."

पण अकरा वर्षांची सवय लागलेला पाय ऐकतो थोडाच? दारं जवळ आल्यासारखी वाटली की तो आपणहून ब्रेकवर जायचा. ताफा तुटायचा, नोंद व्हायची. महिन्यात अशा तीन नोंदी झाल्या की ड्रायव्हर ताफ्यातून बाहेर. त्याच्या दोन झाल्या होत्या.

रविवारी दुपारी तो पलंगावर आडवा झाला होता. पँट वर सरकलेली, आणि घोट्याभोवती काळानिळा वळ.

"हे काय रे?"

"बूट चावला."

"एकाच पायाला? फारच निवडक चावतो की तुझा बूट!"

त्याला हसू आलं आणि तिथेच तो फसला. सगळं सांगून टाकलं. सामान आवळायच्या पट्ट्याने तो पाय सीटच्या दांड्याला बांधून ठेवायचा. दुसऱ्या ट्रकमधल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने, सगळ्यांच्या 'मामा'ने, ही युक्ती शिकवली होती.

"आणि रेडिओ बंद पडला तर?"

"भोंगा वाजतो. गाडी आपणहून मागे राहते. मग चार सेकंदांत मी ताबा घ्यायचा."

"आण तो पट्टा."

तिने त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीला पाय बांधायला लावला आणि घड्याळ घेऊन समोर उभी राहिली. "सोड!" नऊ सेकंद. दुसऱ्यांदा सात. तिसऱ्यांदा बकल अडकलं आणि तो खुर्चीसकट कलंडता कलंडता वाचला.

"इथे घाई नाही ना, म्हणून," तो म्हणाला. पण तिच्याकडे न बघता.

"मग बांधू नकोस."

"नाही बांधला तर तिसरी नोंद. मग काय आवारात फाटक उघडत बसू? दुसरं येतं काय मला? आणि तू बोललीस तर मामाही जाईल. कुणाला सांगणार नाहीस म्हण."

तिला म्हणावं लागलं.

सोमवारी सकाळी तो गेला. ताफा दहाला निघायचा. ती भांडी विसळायला लागली, पण हात थांबायचे आणि मन मोजायला लागायचं: एक, दोन, तीन, चार. चारच्या पुढे मोजायचा धीर होईना. तो अबोला धरेल. वर्षभर धरेल. सून म्हणेल, सासूबाईंनी नवऱ्याला घरी बसवलं. म्हणू देत.

साडेनऊ वाजले. तिने हात पुसले. मामाचं नाव काढायचं नाही; फक्त आपल्याच मुलाचं सांगायचं, आणि ताफा निघायच्या आत सांगायचं. तिने कंपनीच्या कार्यालयाला फोन लावला.