ताईचा कॅमेरा आणि अण्णांचा काटा

आमची ताई एक्स-रे काढते. सत्तावीस वर्षं एकाच इस्पितळाच्या तळमजल्यावर, एकाच काचेमागे उभी राहून तिने आमच्या गावातल्या निम्म्या लोकांच्या बरगड्या पाहिल्या आहेत. रस्त्यात कुणी भेटलं की तिला त्याचं नाव आठवत नाही, पण त्याच्या डाव्या खांद्याला काय झालं होतं ते नेमकं आठवतं. पन्नाशी उलटल्यावर तिने जाहीर केलं की ती सिनेमा करायला शिकणार आहे. कुणाला विचारलं नाही, जाहीर केलं. ताईला शंका येतात त्या फक्त दुसऱ्यांबद्दल.

मी तिचा धाकटा भाऊ. त्यामुळे सहाय्यक, हमाल आणि वेळ पडली तर नट, अशी माझी नेमणूक माझ्या अपरोक्षच होऊन गेली.

शिकली मात्र मन लावून. दर बुधवारी संध्याकाळी फिल्म क्लबात एक निवृत्त प्रोजेक्टरवाले शिकवायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणत. सिनेमा आवाज बंद करून बघा, असं ते म्हणाले आणि ताईने घरातला टीव्ही महिनाभर मुका केला. दृश्य बदललं की ती एका वाटीतला शेंगदाणा दुसऱ्या वाटीत टाकायची आणि शेवटी दाणे मोजायची. एकदा माझ्या हातून त्यातले मूठभर खाल्ले गेले. एका अख्ख्या सिनेमाचं गणित बिघडलं म्हणून ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तिची एक वही होती. तिच्यात एका पानावर लिहिलं होतं, "एक्स-रेत माणूस आतून दिसतो, पण आतून सगळे सारखेच. सिनेमात तो नुसता बाहेरून दिसतो, तरी कळतो. कसा?" खाली उत्तरासाठी जागा सोडलेली होती.

पहिला सिनेमा तिने इस्पितळातल्या नर्सबाईंवर केला. मास्तरांनी तो दोनदा पाहिला.

"चौकट छान आहे. कुठे काही तिरकं नाही," ते म्हणाले. "पण बाई, तुमची माणसं अशी थिजल्यासारखी का उभी असतात?"

"लाजतात हो. सवय नाही त्यांना कॅमेऱ्याची."

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मास्तरांना आता नीट दिसत नाही बहुतेक."

मग अण्णांची वेळ आली. अण्णा म्हणजे आमचे वडील. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले. आठ फूट बाय दहा फुटांची खोली, भिंतीभर टांगलेल्या दांड्या, पितळी पारडी आणि मधोमध एक स्टूल. आकडे दाखवणारे विजेचे काटे आल्यापासून तिकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले आणि खोली सोडायची ठरली. हत्यारं एका तंत्रशाळेला द्यायची होती. क्लबाचा वार्षिक कार्यक्रम तीन आठवड्यांवर होता, प्रत्येक सभासदाला पाच मिनिटं मिळणार होती. ताईने ठरवलं, अण्णांचा शेवटचा दिवस दाखवायचा.

तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी टेम्पो येऊन खोली रिकामी करणार होता, म्हणजे चूक झाली तर पुन्हा करायची सोय नाही. हे ताईने मला तीनदा बजावलं, जणू चूक करणारा मीच.

स्टुलावर पुस्तकांची चवड रचून तिने फोन उभा केला, तिचा कॅमेरा तोच. मी दिवा धरला. अण्णांनी पारडं हातात घेतलं. ताईने हात वर केला.

"श्वास घ्या. धरा. हलू नका."

अण्णांनी धरला. मीही धरला. सहापर्यंत मोजून ती म्हणाली, "सोडा श्वास." मग वही उघडून तिने दृश्याचा क्रमांक आणि वेळ लिहिली आणि त्यानंतर फोन बंद केला. आधी नोंद, मग बाकीचं, ही इस्पितळातली शिस्त. आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या घरात गेली सत्तावीस वर्षं फोटो असेच निघतात.

अशी एकतीस दृश्यं झाली. शेवटी अण्णांनी दार ओढून कुलूप लावलं. धरला, सोडला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं अण्णा. चला."

रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली. एरवी ती दृश्याच्या सुरुवातीचा आपला आवाज न ऐकताच कापून टाकायची आणि वर संगीत चढवायची. या वेळी मास्तरांनी बजावलं होतं की हत्यारांचे आवाज ठेवा. म्हणून पहिल्यांदाच तिने सगळं आवाजासकट लावलं.

पहिलं दृश्य. "श्वास घ्या. धरा. हलू नका." अण्णा खांबासारखे उभे. ते श्वास सोडायच्या आतच तिने पुढचं लावलं. दुसरं दृश्य, तेच. पाचव्याला तिने फोन खाली ठेवला.

"लाजत नव्हते रे कुणी," ती म्हणाली. "मीच धरून ठेवलं होतं सगळ्यांना."

तिचा चेहरा पाहून मला भीती वाटली. ताईचं चुकलं हे मी पन्नास वेळा म्हटलं असेल, पण तिने स्वतः म्हटलेलं कधी ऐकलं नव्हतं. त्या खोलीत आता चार भिंती उरल्या होत्या. मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. फोन मात्र तसाच चालू होता.

फोनमधली ताई "सोडा श्वास" म्हणाली. अण्णांनी सोडला. मग पारड्यावर फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकाने ते पुसलं, दांडीला नखाने टिचकी दिली. दांडी झुलायला लागली तशी त्यांची मानही तिच्याबरोबर झुलायला लागली. दांडी स्थिर झाल्यावर तिला म्हणाले, "बस आता. दमलीस."

"थांब," ताई म्हणाली. तिने ते मागे नेऊन पुन्हा लावलं.

ती नोंद लिहीत होती तेवढा वेळ प्रत्येक दृश्याला शेपूट राहिलं होतं. कुठे दहा सेकंद, कुठे वीस. एकतीस शेपटं. ताई सरसावून बसली, वही काढली, आणि मला शेंगदाणे आणायला सांगितले.

शेवटचं शेपूट सगळ्यात लांब होतं, कारण निघायच्या गडबडीत फोन बंद करायचाच राहिला होता. चौकटीबाहेर आमचे आवाज येत होते, मी कसलासा फालतू विनोद करत होतो. चौकटीत अण्णा एकटे. ते घराच्या दिशेने दोन पावलं गेले, परत आले, कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि त्यावर तळवा ठेवून उभे राहिले. बराच वेळ. मग खांद्याने डोळे पुसले.

"मी चार हातांवर होते," ताई म्हणाली. "दिवा पिशवीत भरत होते." आणि ती रडली, अगदी हुंदके देऊन.

हे चारचौघांत दाखवायचं का, हे आम्ही ठरवणं बरं नव्हतं. तसेच उठून अण्णांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन डोळ्यांपाशी नेला.

"मी रडलो होय?"

"हो, अण्णा. नको असेल तर काढून टाकते."

त्यांनी फोन तिच्या हातात परत दिला. "काटा जे दाखवतो त्यात आपण बोट घालायचं नाही," ते म्हणाले. "राहू दे."

कार्यक्रमाला साठ खुर्च्या होत्या, सगळ्या भरल्या. अण्णा आम्हा दोघांच्या मध्ये बसले, इस्त्रीचा सदरा घालून. पडद्यावरचे अण्णा फुंकर मारत होते, पुसत होते, हरवलेला स्क्रू स्वतःच्याच खिशात सापडल्यावर आजूबाजूला कुणी पाहिलं का ते बघत होते. "दमलीस"ला सगळा हॉल हसला. मास्तर खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसले होते.

मग कुलूप आलं. पडद्यावर अण्णा तळवा ठेवून उभे राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या शेजारचे अण्णाही तसेच ताठ झालेत. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता आणि तो हलत नव्हता.

ताईने पडद्यावरची नजर काढली नाही. अंधारात त्यांचं मनगट धरलं आणि अगदी हळू म्हणाली, "सोडा श्वास, अण्णा."

अण्णांनी सोडला. मग मीही सोडला.