लेबल उशिरा का येत होतं

चाकणच्या ज्या कारखान्यात मी सर्व्हर सांभाळतो, तिथे लेबलाशिवाय एकही पेटी गेटबाहेर जात नाही. लेबलं छापायला डिस्पॅचमध्ये एक बाई होत्या. कुरुळीच्या, माझ्याच वयाच्या, ठेकेदाराच्या हजेरीवर. नऊ वर्षं तेच काम करत होत्या आणि आता कुठे त्यांना कंपनीत कायम करायचं चाललं होतं. त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली. हे मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

पेट्या स्कॅन करताना सिस्टीम अडखळते, अशी लाइनवरून तक्रार आली होती. सर्व्हरवरच्या ज्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, ते स्कॅन साठत, त्यावर पाच इंडेक्स होते. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. तिच्यामुळे शोधणं सोपं जातं, पण प्रत्येक नव्या नोंदीबरोबर सूचीतही लिहावं लागतं, म्हणून नोंद हळू होते. पाचातले चार निरुपयोगी होते. कोणते चार, हे तपासायला अर्धा दिवस गेला असता. मी पाचही काढून टाकले. स्कॅनिंग सुसाट सुटलं. प्लांट हेडनी पाठ थोपटली.

त्याच दिवसापासून बाईंचं लेबल रेंगाळू लागलं. त्यांनी पार्ट नंबर टाकला की, सूची उरली नसल्यामुळे, सर्व्हर अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून वाचत बसायचा. गाड्या गेटवर तुंबल्या.

आमच्याकडे सकाळची मीटिंग लाइनच्या कडेला उभ्याने होते. ज्याच्यामुळे गाडी अडली, त्याने सगळ्यांसमोर पुढे यायचं. सलग चौथ्या दिवशी बाई पुढे आल्या तेव्हा मी म्हणालो, "ताई, लेबल छापताय की रांगोळी काढताय?"

सगळे हसले. हशा चांगला पडला म्हणून मी आणखी एक हाणला. "त्यापेक्षा अंगठा उठवून गाड्या सोडा, लवकर सुटतील."

"सायेब, माझा हात थांबत न्हाई," बाई म्हणाल्या. "मी बटन दाबते, मंग पडद्यावर नुसतं चाक फिरत ऱ्हातं."

"चाक गाडीचं फिरायला हवं, ताई," प्लांट हेड म्हणाले. पुन्हा हशा.

दुपारी त्या माझ्याकडे आल्या. बटण कधी दाबलं आणि कागद कधी आला, हे त्यांनी वहीत लेबलागणिक लिहून काढलं होतं. "एकदा बगा की."

"सर्व्हरचं आम्ही बघतो," मी म्हणालो. वही हातातसुद्धा घेतली नाही.

त्या गेल्यावर मात्र मी संथ क्वेऱ्यांची, म्हणजे सर्व्हरला उत्तर द्यायला वेळ लागतो अशा विचारणांची, यादी उघडली. पहिल्याच ओळीत त्यांची क्वेरी होती. कारण कळायला मिनिटही लागलं नाही. इंडेक्स परत बांधायची आज्ञा मी टाइप केली, आणि खोडली. लगेच वेग आला असता तर कुणीतरी विचारलं असतं, काय बदललंत?

बुधवारी ठेकेदाराने बाईंना कामावरून कमी केलं. गुरुवारी आमची सुट्टी. मी एकटाच कारखान्यात गेलो, तो एक इंडेक्स बांधला, चाचणी घेतली. लेबल क्षणात आलं. घरी जाताना मी जिलबी नेली.

शुक्रवारी बाईंच्या जागी नवी मुलगी बसली. प्रिंटर थांबेना. "बघा राव, माणूस बदलला की फरक पडतो," प्लांट हेड म्हणाले. मी मान डोलावली.

बाई नेमक्या तेव्हाच ओळखपत्र जमा करायला आल्या होत्या. काउंटरपाशी उभ्या राहून त्यांनी एकामागून एक लेबलं निघताना पाहिली. मग माझ्याकडे वळल्या.

"म्हंजी माझ्याच हाताची चूक व्हती व्हय, सायेब?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. प्लांट हेड अजून शेजारीच होते.

"वय होतं, ताई," मी म्हणालो. "हात जड होतो."

त्यांनी ओळखपत्र काउंटरवर ठेवलं. "म्या उगं तुमच्या मशीनीला नाव ठिवलं," त्या म्हणाल्या. "राग धरू नगा."

"असू दे," मी म्हणालो.