एकाच रकान्यातले दोन रक्तगट

"लॉग काढ. सेल्वीचंच नाव निघेल," राव सार म्हणाले.

नव्वदीची शेवटची वर्षं. तंजावरच्या एका खासगी हॉस्पिटलला आम्ही ब्लड बँकेचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. राव सार आमच्या छोट्या कंपनीचे मालक, माझ्यासारखेच तंजावरी मराठी. त्या सकाळी पापनाशमच्या एका बाळंतिणीचा रक्तगट स्क्रीनवर बी दिसला. होती ओ. पिशवी लावण्याआधी लॅबनं रक्त जुळवून पाहिलं, म्हणून ती वाचली.

डेटा एंट्री हॉस्पिटलच्या सेल्वीची. नुकतंच रजेवरून तिचं मॅनेजरशी वाजलं होतं. तिनं मुद्दाम केलं असं ठरवून हॉस्पिटलनं तिला घरी पाठवलं. मलाही ते अशक्य वाटलं नाही.

लॉग म्हणजे कुणी काय भरलं याची नोंद. त्यात सेल्वीनं ओ-च भरलं होतं. नंतर पेशंटच्या नोंदीला कुणीच हात लावला नव्हता. हे सांगितलं तर सार म्हणाले, फार खोलात जाऊ नकोस. तिथं मला दुसराच संशय आला.

मी हॉस्पिटलात गेले. एक खोटी पेशंट भरली, ओ. परत उघडली, ओ. मग, त्या बाळंतिणीच्या भावानं रक्त दिलं होतं तसा, तिचा भाऊ डोनर म्हणून भरला, बी. पेशंट पुन्हा उघडली. बी.

आमच्या प्रोग्रॅममध्ये पेशंट आणि डोनर दोघांना एकच इंटरफेस होता. इंटरफेस म्हणजे नुसता करार: यांच्याकडे नाव, वय, रक्तगट असणारच. ती माहिती डेटाबेसच्या कुठल्या फील्डमध्ये, म्हणजे रकान्यात ठेवायची, हे मॅपर नावाच्या सॉफ्टवेअरला सांगावं लागतं; यालाच मॅपिंग म्हणतात. ते दोघांसाठी वेगवेगळं सांगायला हवं. इथं इंटरफेसचा रक्तगट केसच्या, म्हणजे पेशंट-डोनरच्या सामाईक नोंदीच्या, एकाच रकान्याला जोडला होता. जो शेवटी भरला जाई, तो उरे.

मी सारांना तिथंच बोलावून घेतलं. "सार, हे मॅपिंग तुम्ही लिहिलंय."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "गुपचूप दुरुस्त कर. हॉस्पिटलला कशाला सांगायचं?"

"आणि सेल्वी?"

चूक आपलीच आहे हे सारांना आधीच ठाऊक होतं का, ते मला आजही सांगता येत नाही. मी मात्र त्यांच्यासमोरच ब्लड बँकेच्या डॉक्टरांना तमिळमध्ये सगळं सांगितलं. रकाने वेगळे केले. नातेवाइकांनी रक्त दिलेल्या सगळ्या पेशंटचे रक्तगट लॅबनं पुन्हा तपासले.

सेल्वीला बोलावणं गेलं. ती आली, पण खुर्चीवर बसली नाही. "अक्का, मी भरलेलं नंतर बदललं, तर ते मला दिसायला हवं," म्हणाली. मी तशी सोय केली, मग ती बसली.

तेव्हापासून कुणी 'ऑपरेटरची चूक' म्हटलं, की मी आधी मॅपिंग उघडते. ते कुणी लिहिलंय, तेही पाहते.