गच्चीवरचे पत्रे

लोखंडाला गंज चढताना बघायचा मला पगार मिळायचा. नातेवाइकांत हे सांगायची सोय नव्हती. आई सगळ्यांना सांगायची, मुलगा अंबडला मोठ्या कंपनीत आहे. ती कंपनी म्हणजे एका शेडमधली टेस्टिंग लॅब होती, आणि तिच्यात मोठं म्हणावं असं साहेबांचं पोट सोडून काही नव्हतं.

लॅबमध्ये एक बंद पेटी होती. तिच्यात मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं आणि रंगवलेले लोखंडी पत्रे आत उभे करायचे. बाहेर वर्षानुवर्षं लागतात ते पेटीत काही आठवड्यांत होतं, अशी समजूत. समजूतच म्हणायची, कारण नाशकात कुठला आलाय समुद्र! पेटीत पहिला आलेला रंग बाहेरच्या उन्हात पापुद्रे धरून सुटलेला आम्ही पाहिला होता. त्यामुळे पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्याने दारांना कोणता रंग टिकेल असं विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले की पेटीला विचारूच, पण पत्रे उघड्यावरही ठेवू. त्यासाठी कारखान्यांच्या धुरापासून लांब एक गच्ची हवी होती. ती माझी निघाली, देवळाली कॅम्पातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवरची.

लाकडी घोड्यावर, म्हणजे उतरत्या चौकटीवर, तिरपे बसवलेले ते पत्रे दक्षिणेकडे तोंड करून असायचे. प्रत्येकावर आम्ही टोकदार सुईने मुद्दाम एक फुली ओढलेली होती, रंग कापून थेट लोखंडापर्यंत. जखम आपणच करायची आणि मग गंज तिथून रंगाखाली कुठवर सरकतो ते बघायचं. वरून रंग छान दिसत असतो, बोटाने हलकेच चाचपलं की खाली फुगलेलं कळतं. पुसायचं नाही, घासायचं नाही, दोन पावसाळे नुसतं बघायचं. आळशी माणसाला देवाने पाठवलेलं काम.

बायको सटाण्याच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि मुलगी तिच्याजवळ. तिची बदली नाशिककडे होईल म्हणून आम्ही बरीच वाट पाहिली. ती होईना, तेव्हा ठरलं की पत्रे उतरले की मी नोकरी सोडून तिकडे जायचं. साहेबांना दिलेला शब्द पुरा होईल आणि आम्ही तिघं एका घरात येऊ. सटाण्यात एका रंगाच्या दुकानात ओळखीने कामही मिळत होतं.

तोवर मी गच्चीवर खुर्ची टाकून बसायचो. कॅम्पात तोफांचा सराव चालला की पत्रे घोड्यावर खडखडायचे, अगदी कुणी कडी वाजवल्यासारखे. सुरुवातीला मी उठून जिन्याचं दार उघडूनही बघायचो. पुढे माहीत झालं, तरी एखाद्या रविवारी उठायचोच. तेवढीच हालचाल. एसटीडीवरून फोन केला की मुलगी दर वेळी थोडी जास्त अहिराणी बोलायची. तिच्या मैत्रिणींची नावं मला आठवत नसायची. मी पत्र्यांबद्दल सांगायचो, आणि पलीकडे शांतता पसरली की बूथवाल्याचं मीटर तेवढं पळत राहायचं.

दुसरा पावसाळा सरला. दसऱ्याच्या सुटीत दोघी आल्या. दिवाळीला पत्रे उतरवायचे होते, म्हणजे गोष्ट हाताशी आली होती. खंडेनवमीला मी लॅबमध्ये गेलो. त्या दिवशी आमच्याकडेही सगळी यंत्रं धुऊनपुसून पुजायची पद्धत. लोखंड सडवायच्या त्या पेटीलासुद्धा आम्ही लख्ख पुसलं, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि तिने असंच भरभरून सडवत राहावं म्हणून नारळ फोडला.

दुपारी पेढे घेऊन घरी आलो तर दोघी गच्चीवर. मुलगी धावत जिन्यापर्यंत आली आणि मला हाताला धरून घेऊन गेली.

पत्रे चमकत होते. चिंच लावून, राख आणि काथ्याने घासून, वर खोबरेल तेलाचा हात फिरवलेला. रंगाच्या फुग्यांची टरफलं निघून गेली होती, फुल्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. प्रत्येक पत्र्यावर कुंकवाचं बोट आणि एकेक झेंडू.

"किती गंजले होते हो," बायको हात पुसत म्हणाली. "कमावत्या माणसाचं हत्यार पुजायचं म्हणून सगळी खोली धुंडाळली. तुमच्याकडे दुसरं काही सापडलंच नाही."

मी पेढ्यांचा पुडा हातात घेऊन तसाच कठड्यावर टेकलो. खरं सांगतो, राग आला नाही. माझ्या खोलीत पुजण्यासारखं एवढंच आहे, हे मला कुणी तोवर सांगितलं नव्हतं. मग तिला पहिल्यांदाच नीट समजावलं की गंज कुठवर गेला हेच मोजायचं होतं आणि ते आता मोजता येणार नाही. ती शिक्षिका, तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे परत पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

मुलीने एका पत्र्यावरचा झेंडू उचलला, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि परत होता तसा ठेवला. जेवताना श्रीखंड छान झालंय, असं मी तीन वेळा बोलून दाखवलं.

साहेबांना सांगितलं तर ते हसले. कोल्ड स्टोरेजवाल्याला थांबवू म्हणाले, नवे पत्रे करू. गच्ची तुझीच ठेवायची की दुसरी बघायची, एवढं सांग. मी विचार करून सांगतो म्हणालो. विचार कसला करायचा होता कोण जाणे, पण म्हणालो.

सुटी संपली तशी मी दोघींना सटाण्याच्या एसटीत बसवून दिलं. साहेबांचं बोलणं मी बायकोला आधीच सांगितलं होतं. गाडी सुरू झाली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "अहो, यायचं तर या, नाहीतर राहा. पण आता पत्र्यांचं कारण सांगू नका."

त्यानंतर गच्चीवर नुसता घोडा उरला. तोफा वाजायच्या, खडखडायला काही नसायचं. मी साहेबांना दुसरी गच्ची बघायला सांगितलं. ती त्यांना दोन दिवसांत मिळाली. माझ्याशिवाय लोखंड गंजायचं नाही अशी माझी जी काही कल्पना होती, ती तिथे संपली.

दिवाळीला एक ट्रंक आणि एक बॅग घेऊन मी सटाण्याला उतरलो. घरात खुंट्या दोन, दोन्ही भरलेल्या. पाट दोन. चहाचं आधण दोन कपांचं, बायकोच्या हाताला सवय तेवढ्याचीच. नंतर तिने वरून पाणी वाढवलं. तो फिका चहा मी आवडीने प्यायलो.

मुलगी अभ्यास करत होती. पाटीवरून मान वर न करता, दर वेळी विचारायची तसं तिने विचारलं, "पप्पा, परत कधी जाणार?"

मी म्हणालो, "आता जाणार नाही."

तिने आईकडे पाहिलं. आईने होकाराची मान हलवली. "बरं," मुलगी म्हणाली आणि पुन्हा लिहू लागली.

बॅग अजून दाराजवळच होती. ती कुठे ठेवायची हे मला कळेना. मला पाणी पाहिजे आहे का, असं बायकोने आतून विचारलं, पाहुण्याला विचारतात तसं. मी हो म्हणालो, आणि पाणी येईपर्यंत बॅगेशेजारी उभा राहिलो.